दहावीचा निकाल लागतो, आठवी-नववीचे काय?

मे महिना आला की सीमाभागातल्या गावागावांत दहावीच्या निकालाची चर्चा सुरू होते. ६२५ पैकी किती गुण पडले, शाळेत पहिला कोण, केंद्रात पहिली कोण, याची चौकशी चहाच्या टपरीपासून देवळाच्या कट्ट्यापर्यंत होते. चौकात फलक लागतात, युवक मंडळे सत्कार करतात, शाल-श्रीफळ दिले जाते. गुणवंतांचे कौतुक झालेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. परंतु या गजरात हायस्कुलातले दोन वर्ग कायम अंधारात राहतात. ते म्हणजे आठवी आणि नववी. कर्नाटकात हायस्कूल तीन वर्षांचे. त्यातली दोन वर्षे मूल याच वर्गांत काढते. तरीही पालकसभेत, संस्थेच्या बैठकीत किंवा वर्तमानपत्राच्या रकान्यात या दोन वर्गांचे नाव सहसा निघत नाही. अध्यापनात आणि समितीच्या कामात जे पाहिले त्यावरून आम्ही असे म्हणतो की, सीमाभागातल्या मराठीचा खरा कस दहावीच्या परीक्षेपेक्षा आठवीच्या प्रवेशाच्या दिवशी लागतो.

घटनेचा हात कुठे सुटतो?

१९५६ साली राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, खानापूरचा मराठी मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने भाषिक अल्पसंख्याकांसाठी कलम ३५०-अ आले. मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून द्यावी, असे ते सांगते. पण वाचकांनी या कलमातले दोन शब्द नीट वाचावेत. ही सोय 'प्राथमिक टप्प्यावर' करायची आहे. म्हणजे गावातल्या मराठी प्राथमिक शाळेतून मूल सातवी पास झाले की या कलमाचा हात सुटतो. पुढे कलम ३० आहे. ते अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क देते. हक्क मिळाला, पण शाळा काढायची, शिक्षक मिळवायचे, अनुदानासाठी हेलपाटे मारायचे आणि मुले आणून बसवायची, हे काम आपल्या समाजाच्या शिरावर आले.

हायस्कुलातली मराठी आपल्याला फुकट मिळालेली नाही, हेही आजच्या आठवीतल्या मुलाला कोणी सांगत नाही. १९८१ साली गोकाक समितीने हायस्कुलात कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी अशी शिफारस केली आणि वादाला तोंड फुटले. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात आपल्या माणसांनी प्राण दिले. हिंडलग्याचे हुतात्मा स्मारक त्याची साक्ष देत उभे आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'प्रथम भाषा मराठी, गुण १२५' ही जी ओळ छापून येते, तिच्यामागे एवढा इतिहास आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, शासन मातृभाषेचे माध्यम कोणावर लादू शकत नाही, माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा. हा निकाल दुधारी आहे. आपल्यावर दुसरे माध्यम लादता येणार नाही, हा त्याचा एक अर्थ. आपलाच पालक मराठी शाळेसमोरून मुलाला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवू शकतो, हा दुसरा. तात्पर्य, कायदा मुलाला धरून ठेवणार नाही. धरून ठेवील ती शाळा, तिथली माणसे आणि तिथले दिवस.

आठवीचे पोर

आता या मुलाकडे पाहू. सात वर्षे ते गावच्या शाळेत होते. गुरुजी ओळखीचे, बाई ओळखीच्या, घर हाकेच्या अंतरावर. जूनमध्ये पाऊस सुरू होतो, शिवारात भाताची धांदल असते, आणि हे मूल प्लास्टिकच्या कागदात दप्तर गुंडाळून पहिल्यांदा बसच्या थांब्यावर उभे राहते. खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्ट्यात तर थांब्यापर्यंतच मैल-दोन मैलांची चाल असते. २००६-०७ पासून शासनाने आठवीच्या मुलांना सायकली दिल्या. कोविडच्या काळात त्यात खंड पडला, पण त्या सायकलींनी अनेक घरांतल्या मुली हायस्कुलात पोचवल्या हे मान्य केले पाहिजे. २०२३ पासून शक्ती योजनेमुळे मुलींना बसचे तिकीट पडत नाही. मात्र तिकीट माफ झाले म्हणून बस वेळेवर येतेच असे नाही.

शाळेत पोचल्यावर दुसरी परीक्षा सुरू होते. पाच-सहा गावांची मुले एका वर्गात येतात. खेड्यातले पोर सहज विचारते, ''सर, खट्टे बसू?'' आणि शहरालगतची मुले फिदीफिदी हसतात. चंदगडपासून बेळगावपर्यंतच्या पट्ट्यात 'कुठे'ला 'खट्टे' म्हणतात, त्यात हसण्यासारखे काय आहे? पु. ल. देशपांड्यांनी 'रावसाहेब' लिहिले आणि बेळगावच्या कानडी वळणाच्या मराठीवर अवघा महाराष्ट्र लुब्ध झाला. त्याच बेळगावच्या मातीत बोलीवरून पोराची टर उडवली जाते. ते मूल महिनाभर तोंड उघडत नाही. पुढे तेच मूल 'अबोल', 'कच्चे' म्हणून वहीत नोंदले जाते. निपाणी भागात तर आणखी एक अडचण. आई घरी विड्या वळते, आणि आठवीतली मुलगी संध्याकाळी आईशेजारी पाने कातरायला बसते. अशा मुलीला शाळेत पहिल्या महिन्यात आपलेपणा वाटला नाही, तर दिवाळीच्या सुट्टीनंतर ती परत येईलच याची खात्री कोणी द्यावी?

धाकट्यांच्या हातातली शाळा

जुन्या हायस्कुलांनी याला उपाय शोधला होता. त्याला कोणी 'उपक्रम' म्हणत नसे, तो शाळेचा रिवाज होता. आठवीच्या मुलांकडे घंटा, फळा, पिण्याचे पाणी आणि सतरंज्या असत. काम हलके, पण मान मोठा. ज्याच्या हाती घंटा त्याच्या हाती सारी शाळा, असे त्या वयात वाटते! नववीकडे त्याहून मोठी जबाबदारी. भित्तीपत्रक नववीचे, सरस्वतीपूजनाची आरास नववीची, आणि फेब्रुवारीतला दहावीचा निरोप समारंभ तर पूर्णपणे नववीचा. वर्गणी चार-चार रुपयांची. सूत्रसंचालन कोण करणार यावरून आठवडाभर रुसवे-फुगवे. आभार मानायला उभी राहिलेली मुलगी चार वाक्यांनंतर हुंदके देऊ लागली की मुख्याध्यापकही चष्मा पुसत. जाणारा वर्ग शाळेला भिंतीवरचे घड्याळ नाहीतर खुर्ची भेट देई. त्यावर सन आणि वर्ग रंगवलेला असे.

यातून मुले काय शिकत? पाठ्यपुस्तकाबाहेरची मराठी शिकत. आभार कसे मानावेत, मोठ्या माणसाला आमंत्रण कसे द्यावे, अहवाल कसा लिहावा, भांडण कसे मिटवावे, हे सारे ती आपल्या भाषेत करत. प्रश्नोत्तरे पाठ करून भाषा परीक्षेपुरती येते. निरोपाचे भाषण स्वतः लिहिलेल्या मुलाच्या अंगी ती जन्मभर राहते.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांतून मराठी साहित्य संमेलने भरतात, ही सीमाभागाची मिरास आहे. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. तो वारसा या गावांनी आपल्या ऐपतीप्रमाणे चालवला आहे. या संमेलनांच्या ग्रंथदिंडीत लेझीम खेळत पुढे असतात ती बहुधा आठवी-नववीची मुलेच. कारण दहावीची मुले जादा तासाला बसलेली असतात! तेव्हा संमेलनाचा उद्याचा श्रोता, वाचक आणि कार्यकर्ता कोणत्या वर्गात घडतो, हे वेगळे सांगायला नको.

रिवाज का मोडत आहेत?

गेल्या काही वर्षांत निकालाच्या टक्केवारीने शाळांना असे पछाडले आहे की नववीच्या सुट्टीतच दहावीचा अभ्यास सुरू होतो. खेळाचा तास इंग्रजीला, ग्रंथालयाचा तास गणिताला जातो. भित्तीपत्रकाच्या फळ्यावर परिपत्रके लटकतात. निरोप समारंभ होतो, पण त्यात मंडपवाला, केटरर आणि ध्वनिक्षेपकवाला यांचाच वाटा मोठा. मुलांची भाषणे मोबाइलवरून उतरवलेली, एकाची दुसऱ्याला लागू पडावीत अशी.

संस्थाचालक म्हणतात, ''निकाल लागला नाही तर पट घसरेल, पट घसरला तर अनुदान जाईल.'' हा मुद्दा खोटा नाही. अनुदानित शाळांत रिक्त जागा भरल्या जात नाहीत, एक शिक्षक दोन-तीन विषय ओढतो, हे आम्ही रोज पाहतो. पण पट कुठे घसरतो ते तपासा. दहावीत पट घसरत नाही, तिथे जे आहेत ते बसतातच. तो आठवीच्या प्रवेशाला घसरतो, आणि आठवी-नववीच्या गळतीत घसरतो. गळके भांडे वरून कितीही घासले तरी त्यात पाणी राहायचे नाही.

दुसरा आक्षेप कन्नडचा. मुलांना कन्नड आले नाही तर नोकरी कशी लागेल, असे पालक विचारतात. आमचे उत्तर स्पष्ट आहे. कन्नड यायलाच हवे, आणि चांगले यायला हवे. २०१५ च्या कायद्याने कन्नड शिकवणे सर्व शाळांना बंधनकारक केले आहेच. पण कायदा नसता तरी शेजाऱ्याची भाषा शिकणे हे शहाणपणाचेच. आमचा विरोध सक्तीला होता आणि आहे, भाषेला कधीच नव्हता. ज्या मुलाचे पाय आपल्या भाषेत रोवलेले असतात, ते दुसरी भाषा भीती न बाळगता शिकते. ज्याला स्वतःच्या बोलीचीच लाज वाटायला लावली, ते कन्नडमध्येही मुके आणि इंग्रजीतही मुकेच राहते.

काय करता येईल?

यासाठी शासनाची मंजुरी लागत नाही की देणगी लागत नाही. एप्रिलमध्ये नववीच्या चार मुलांनी एका शिक्षकासह आसपासच्या प्राथमिक शाळांत जावे आणि सातवीच्या मुलांना आपल्या हायस्कुलाबद्दल स्वतःच्या तोंडाने सांगावे. संस्थेच्या छापील पत्रकापेक्षा त्या मुलांचे बोलणे पालकांना अधिक पटेल. शाळा उघडताना आठवीच्या प्रत्येक मुलाला नववीचा एक सोबती द्यावा. शक्यतो त्याच बसचा, त्याच वाटेचा. चिडवणाऱ्यावरच सांभाळायची जबाबदारी टाकली की चिडवणे आपोआप थांबते, हा आमचा अनुभव आहे. महिन्याला एक भित्तीपत्रक निघावे, आणि त्यात एक सदर गावच्या बोलीचे असावे. 'खट्टे'सारखे शब्द मुलांनी आजीकडून गोळा करून आणावेत. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरवदिनी पाहुण्यांच्या भाषणाला थोडी कात्री लावून हे शब्द आठवीच्या मुलांनी मोठ्याने वाचावेत. निरोप समारंभ पुन्हा नववीच्या हाती द्यावा. तो साधा होईल, थोडा विस्कळीतही होईल, पण मुलांचा होईल.

युवक मंडळांना एकच विनंती. दहावीच्या गुणवंतांचा सत्कार जरूर करा, पण त्याच व्यासपीठावर गावातून यंदा आठवीला मराठी हायस्कुलात जाणाऱ्या प्रत्येक मुलाला एक वही आणि एक गुलाबपुष्प द्या. त्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून घ्या. बस वेळेवर येत नसेल तर आगार व्यवस्थापकाकडे निवेदन घेऊन जाताना या मुलांच्या पालकांना पुढे ठेवा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. सीमाप्रश्नाचा दावाही २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, तो आपल्या हातात नाही. येत्या जूनमध्ये गावच्या थांब्यावर भिजत उभे राहणारे आठवीचे पोर मात्र आपल्या हातात आहे. ते कोणत्या शाळेच्या बसमध्ये चढते आणि तिथे त्याला कोण जागा करून देते, याकडे प्रत्येक गावाने लक्ष द्यावे, एवढेच आमचे कळकळीचे मागणे आहे.