बाटलीवरचा कागद

२०२३ चा रमजान मार्चअखेर सुरू झाला आणि एप्रिलच्या उन्हात संपला. इफ्तारला शरबत सगळीकडेच असते, पण त्या वर्षी आमच्या गल्लीत थंड चहा निघाला. शेजारच्या भाभी काळा चहा उकळून, गाळून, त्यात साखर, लिंबू आणि पुदिना घालून फ्रीजमध्ये ठेवत. आधी घरच्यांसाठी, मग शेजाऱ्यांसाठी, मग "दहा बाटल्या द्या, पैसे घ्या" म्हणणाऱ्यांसाठी. ईदनंतर स्टँडजवळच्या एका दुकानदाराने शंभर बाटल्या मागितल्या. बाटलीवर लेबल हवे, एवढीच त्याची अट.

"सर, तुम्ही उर्दू-मराठी दोन्ही शिकवता. छानसं काहीतरी लिहून द्या," भाभी म्हणाल्या. आम्हीही खूश झालो. एका बाजूला नस्तालीकमध्ये उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी: 'घरी बनवलेला शुद्ध लिंबू चहा. साखर कमी. पचनास उत्तम.' भोवती वेलबुट्टी. भाभींनी स्वतःच्या पैशांनी पाचशे स्टिकर छापून घेतले. दुकानदाराने बाटली फिरवून पाहिली आणि परत ठेवली. "मास्तर, लग्नपत्रिका झकास आहे. पण हे मी विकलं तर दंड मला होईल."

त्याचे बरोबर होते. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली चुकीच्या लेबलाच्या मालाला तीन लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आम्ही नियम वाचायला बसलो तेव्हा लक्षात आले की त्या कागदावर आमचे जवळजवळ काहीच बरोबर नव्हते.

पहिला धक्का भाषेचा. सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत हवी. इतर भाषा तिच्या जोडीला चालतात, तिच्याऐवजी चालत नाहीत. म्हणजे आमच्या दोन्ही भाषा बाटलीवर पाहुण्या! मग शब्द. 'घरी बनवलेला' ही गोष्ट खरी असली तरी तिने गिऱ्हाइकाचा गैरसमज होऊ शकतो, म्हणून २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांत असे शब्द नकोत म्हटले आहे. 'पचनास उत्तम' म्हणायचे तर शास्त्रीय पुरावा हवा. आमचा पुरावा म्हणजे भाभींच्या सासऱ्यांचे पोट. 'साखर कमी' तर सरळ खोटे निघाले. पेयाला असे म्हणायचे असेल तर १०० मिलिलिटरमागे अडीच ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. भाभींच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत वीस ग्रॅम, म्हणजे शंभराला आठ. सातवीच्या मुलांना हे गणित आम्हीच घालतो.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. पाणी, साखर, लिंबाचा रस, चहा, पुदिना. चहाच्या बाटलीत चहा चौथा, हे पाहून भाभींना हसू आवरेना. हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, बॅच क्रमांक, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत हे लगेच झाले. ४० रुपयांच्या बाटलीवर मिलिलिटरला १६ पैसे असा दरही छापावा लागला.

पण निव्वळ २५० मिलिलिटर असे छापायचे तर बाटलीत तेवढे असायला हवे. भाभी डोळ्यांच्या अंदाजाने भरत. शाळेच्या प्रयोगशाळेतले मोजपात्र आणावे असे मनात आले, पण रसायनांचे भांडे पिण्याच्या वस्तूला नको, म्हणून नवे घेतले. सहा बाटल्या मोजल्या. चार कमी भरल्या. अम्मी, म्हणजे भाभींच्या सासूबाई, दारातून पाहत होत्या. कमी मापणाऱ्यांना इशारा देऊन सुरू होणारी सूरह अल-मुतफ्फिफीन त्यांना तोंडपाठ. त्या एवढेच म्हणाल्या, "गळ्यापर्यंत भर."

सगळ्यात अवघड गेली ती तारीख. दुकानदाराला सहा महिन्यांची मुदत हवी होती. "मोठ्या कंपन्या देतात की!" देतात, पण त्या पेय ठरावीक तापमानाला तापवून, निर्जंतुक बाटलीत बंद करतात. लिंबाच्या आंबटपणाने पीएच ४.६ च्या खाली गेला की बॉट्युलिझमचा जंतू वाढत नाही, हे खरे. यीस्ट आणि बुरशी मात्र आंबटालाही जुमानत नाहीत. आम्ही एक बाटली मुद्दाम खिडकीत ठेवली. पाचव्या दिवशी झाकण उघडताच फस्स आवाज आला, आंबूस वास सुटला. साखरेवर यीस्ट वाढले की वायूबरोबर अल्कोहोलही तयार होते. हे सांगितल्यावर भाभींचा चेहरा उतरला. "सर, इफ्तारला मी हेच दिलं असेन का?"

फ्रीजमधल्या, त्याच दिवशी प्यायलेल्या बाटलीत तसे होण्याची शक्यता फार कमी, असे आम्ही म्हणालो. पण त्या दिवसापासून पाण्याच्या जुन्या बाटल्या धुऊन वापरणे बंद झाले. नमुना प्रयोगशाळेत गेला, अहवाल आला आणि लेबलवर 'थंड ठेवा, ३ दिवसांत वापरा' असे छापले. शंभराची मागणी वीसवर आली, तीही दुकानदाराच्या फ्रीजमध्ये जागा असेल तेव्हाच. भाभींनी एकदाही सहा महिने छापू या म्हटले नाही. आमच्या मनात मात्र तो विचार क्षणभर येऊन गेला होता, हे इथे कबूल करतो.

मग पत्ता आणि फोन. बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी नंबर बाटलीवर हवाच. सुनेचा नंबर स्टँडवर कुणाच्याही हातात जाणार, हे अम्मींना पटेना. भाभींचे यजमान आखातात. दिराचे नाव टाकू या, असा सूर निघाला. भाभी शांतपणे म्हणाल्या, "चहा मी करते. बिघडला तर जाब मलाच विचारतील ना?" शेवटी वेगळे सिमकार्ड आले. ते अम्मींच्या फोनमध्ये बसले आणि पहिला फोन अम्मींनीच उचलला. कुणीतरी बिनसाखरेचा चहा मिळेल का म्हणून विचारत होते.

अन्न व औषध प्रशासनाकडची नोंदणी आम्हाला वाटली त्यापेक्षा खूप सोपी निघाली. उलाढाल वर्षाला १२ लाखांच्या आत, म्हणून परवाना नव्हे, नुसती नोंदणी. फी वर्षाला शंभर रुपये, अर्ज ऑनलाइन, सोबत ओळखपत्र आणि फोटो. २ ने सुरू होणारा चौदा आकडी क्रमांक आला, तो लेबलवर गेला. पाकीटबंद मालासाठी वैधमापन खात्याकडे वेगळी नोंद करावी लागते. तिची फी पाचशे रुपये. आमच्या वेलबुट्टीच्या स्टिकरांवर भाभींचा खर्च याहून जास्त झाला होता. ते पैसे त्यांनी आमच्याकडून घेतले नाहीत, म्हणून त्यांच्या मुलाची शिकवणी आम्ही फी न घेता सुरू केली.

प्रमाणपत्र आणि फोटो ओळखपत्र, जिथे माल बनतो तिथे दिसेल असे लावायचे असते. नमाज बाहेरच्या खोलीत होते, तिथे फोटो नको. आणि चहा बनतो स्वयंपाकघरात. अम्मींनी स्वतः स्टुलावर चढून फ्रीजच्या वर खिळा ठोकला. उरलेले साडेचारशे स्टिकर मुलांनी वह्यांना लावले आहेत. आठवीच्या वर्गात अजूनही अधूनमधून 'पचनास उत्तम' भूमितीची वही तपासायला येते.