प्रकाशाचा खेळ आणि डोळ्यांची किंमत

खुलताबाद तालुक्यातील वेरूळच्या दहाव्या लेण्यात दरवर्षी मार्चच्या सुमारास मावळतीची किरणे चैत्यगवाक्षातून आत शिरतात आणि काही काळ बुद्धमूर्तीचे मुख उजळून टाकतात. या सोहळ्याला वीज लागत नाही की यंत्र लागत नाही. प्रकाश कोठे पडावा आणि कोठे पडू नये, याचा विचार शिल्पकाराने खडक फोडतानाच केला असावा, असे पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही. प्रकाशाच्या खेळाचे सारे शास्त्र एका अर्थी एवढेच आहे. आजच्या मिरवणुकांतून मात्र नेमका हाच विचार हद्दपार झाला आहे.

या परिसरातील जी पिढी आज चाळिशी-पन्नाशीत आहे, तिच्या बालपणीच्या आठवणींत पैठणच्या संत ज्ञानेश्वर उद्यानाला मानाचे स्थान आहे. 1976 मध्ये जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले. पुढे नाथसागराच्या काठी म्हैसूरच्या वृंदावनच्या धर्तीवर हे उद्यान फुलले. शाळेच्या सहली तेथे अंधार पडेपर्यंत थांबत, आणि गाण्याच्या ठेक्यावर रंगीत कारंजी नाचू लागली की मुले भाकरीचा घास हातातच विसरत. वेरूळ महोत्सवातही पूर्वी उजळलेल्या कैलास लेण्याच्या पार्श्वभूमीवर गायन-नृत्य रंगे. पुढे तो महोत्सव शहरातील सोनेरी महालाच्या प्रांगणात गेला.

लेसर त्या मानाने उशिरा आला. 1960 साली थिओडोर मेमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण मिळविला, तेव्हा त्याचा उपयोग काय, हा प्रश्नच होता. तेराच वर्षांनी, नोव्हेंबर 1973 मध्ये, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ वेधशाळेतील तारांगणात संगीताच्या तालावर लेसरच्या आकृत्या घुमटावर नाचू लागल्या आणि या करमणुकीचा पाया घातला गेला. आपल्याकडील लाखो घरांनी लेसरचा भव्य खेळ पहिल्यांदा पाहिला तो बहुधा दूरदर्शनवर, 11 फेब्रुवारी 1996 रोजी, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवरील विश्वचषक क्रिकेट स्पर्धेच्या उद्घाटनात. ज्या पडद्यावर आकृत्या उमटायच्या, तोच वाऱ्याने हलत राहिला आणि गाजावाजा केलेला कार्यक्रम फसला. त्या फजितीतही एक धडा होता. किरण कशावर तरी पडल्याखेरीज दिसत नाही. मग तो पडदा असो, धूर असो वा पाण्याचा तुषार.

तो माणसाच्या डोळ्यावर पडला तर काय होते, हे 2023 च्या गणेश विसर्जनानंतर महाराष्ट्राला कळले. नाशिक, पुणे, कोल्हापूर येथील नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलाला इजा झालेले तरुण येऊ लागले. साधा दिवा डोळ्यांवर आला तर त्याचा प्रकाश पसरलेला असतो. लेसरचा किरण मात्र समांतर येतो आणि डोळ्याचे भिंग त्याला दृष्टिपटलाच्या एका बिंदूवर एकवटते. पापणी मिटेपर्यंत इजा होऊन जाते आणि बहुधा वेदनाही होत नाही. हातात धरण्याच्या लेसर-दर्शकाची शक्ती 5 मिलिवॅटपर्यंत असावी, असा संकेत आहे. कार्यक्रमांतील यंत्रे कित्येक वॅटची असतात. म्हणूनच अमेरिकेतील नियमांनुसार असे किरण प्रेक्षक उभे राहतात त्या जमिनीपासून किमान 3 मीटर उंच ठेवावे लागतात. तारांगणात प्रेक्षक बसलेला असतो आणि किरण घुमटावर असतो. मिरवणुकीत यंत्र ट्रकवर असते, माणूस नाचत असतो आणि झोत त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर फिरतो. यंत्र तेच, परंतु जागा बदलताच करमणुकीचे हत्यार होते.

यावर उत्सवप्रेमींचा आक्षेप असा की, तरुणांच्या आनंदावर विरजण घालणाऱ्यांना वर्षातून एकदाच नेमका कायदा आठवतो. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि अर्थशास्त्राच्या साध्या कसोटीवर हा व्यवहार तपासावा. यंत्राचे भाडे मंडळ वर्गणीतून देते आणि नफा यंत्रमालकाला मिळतो. डोळ्याची किंमत मात्र मोजतो तो रस्त्याच्या कडेला उभा असलेला, या सौद्यात कोणीही न विचारलेला तिसराच माणूस. शिवाय एका मंडळाने चार झोत आणले की दुसऱ्याला आठ आणावे लागतात. वर्गणीचा पैसा वाढत जातो, पण कोणाचाच मान दुसऱ्यापेक्षा वाढत नाही. अशा चढाओढीतून एकट्याने माघार घेणे मंडळाला जड जाते; सर्वांना एकच नियम लागू झाला तर सर्वांचीच सुटका होते. बंदी मंडळांच्याही हिताची आहे, ती याच अर्थाने.

प्रश्न अंमलबजावणीचा आहे. 2024 च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांना मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु दरवर्षी सणाच्या तोंडावर निघणारा तात्पुरता आदेश म्हणजे आग लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे. तोवर यंत्रांची आगाऊ रक्कम देऊन झालेली असते. चित्रपटगृहातील यंत्र चालविणाऱ्याला परवाना लागे, मग उघड्या रस्त्यावर वॅटभर शक्तीचा किरण फिरविणाऱ्याला तो का नको? यंत्रांची नोंदणी, चालकाला प्रशिक्षण, किरणांच्या उंचीची मर्यादा आणि इजा झाल्यास यंत्रमालकावर भरपाईची जबाबदारी, एवढे नियम बारमाही असावेत. खुलताबादसारख्या गावाला तर त्यांची अधिक निकड आहे. हनुमान जयंतीला भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी हजारो भाविक रात्रभर पायी चालत येथे येतात, जर जरी जर बक्ष यांच्या उरुसालाही मोठी गर्दी लोटते, आणि वाट घाटाची आहे. तेथे वाहनचालकाच्या डोळ्यांवर क्षणभर आलेला झोत किती घरे अंधारात लोटील, याची कल्पनाच केलेली बरी.

केवळ मनाई करून मात्र भागणार नाही. तरुणांना प्रकाश आणि संगीताची ओढ आहे, ती गैर नाही. पैठणच्या कारंज्यांनी एका पिढीची ती ओढ भागविली. पुढे देखभालीअभावी त्या उद्यानाची रया गेली. आपल्याकडे उद्घाटनाला निधी मिळतो आणि दुरुस्तीला मिळत नाही, हा जुनाच अनुभव आहे. लेण्यांना बाधा येणार नाही अशा अंतरावर, बसून पाहण्याचा एखादा नेटका प्रकाश-संगीताचा खेळ उभारून त्याच्या दुरुस्तीची तरतूद आधी केली, तर रस्त्यावरच्या झोतांचे आकर्षण आपोआप ओसरेल. दहाव्या लेण्यातील किरण शतकानुशतके दगडावर पडत आला आहे आणि त्याने कोणाचे डोळे दिपविले नाहीत. त्याच तालुक्यातील मुलांनी उत्सवातून घरी परतताना दृष्टी गमावू नये, एवढी अपेक्षा शासनाकडून आणि मंडळांकडूनही करणे मुळीच अवास्तव नाही.