उंट, घोडा आणि पन्नास चाली

गेल्या महिन्यात आमची भाची शाळेच्या बुद्धिबळ स्पर्धेहून घरी आली ती रडतच. "मामू, तिच्याकडे नुसता राजा उरला होता, तरी डाव बरोबरीत सुटला!" हिच्याकडे राजा, उंट आणि घोडा. पण पन्नास चालींत मात झाली नाही, आणि नियम म्हणजे नियम.

आम्ही तिला जिनिव्हाची गोष्ट सांगितली. २०१३ साली तिथे ॲना उशेनिना हिला ओल्गा गिर्याविरुद्ध हीच मात देता आली नाही. उशेनिना तेव्हा महिलांची जगज्जेती होती! भाचीचे डोळे पुसले गेले.

जुन्या शतरंजमध्ये मात्र ती जिंकलीच असती. नवव्या शतकात बगदादच्या अल-अदलीने शतरंजवर किताब लिहिला, त्या काळी समोरचा राजा एकटा पाडला की बहुधा डाव आपलाच. आजच्या उंटाच्या जागी तेव्हा फील असे. तो तिरका, थेट दुसऱ्या घरात उडी मारी. साऱ्या पटावर त्याच्या वाट्याला आठच घरे. (शतरंज जायज की नाही, असे विचारणाऱ्यांसाठी: शाफई मजहबात पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर मकरूह, हराम नव्हे.)

आता मूळ गोष्ट. दोन उंट असतील तर मात सोपी, जास्तीत जास्त १९ चाली. दोन घोडे एकट्या राजाला जबरदस्तीने मात देऊच शकत नाहीत. उंट-घोड्याला अचूक खेळून ३३ चाली पुरतात, पण मात उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच देता येते. शत्रूचा राजा हे जाणून दुसऱ्या रंगाच्या कोपऱ्यात दडतो. तिथून त्याला काठाकाठाने हाकायचे. पांढऱ्या घरांचा उंट असेल तर घोडा एफ-७, ई-५, डी-७, सी-५, बी-७ असा नागमोडी चालवावा. मधल्या चाली राजा आणि उंटाच्या. निसटायची घरे तेच अडवतात. घोड्याने उगाच शह देत सुटू नये. भाचीचे तिथेच चुकले.

शेवट असा: आपला राजा बी-६, उंट जी-४, शत्रूचा राजा बी-८. घोड्याने ए-६ वरून शह दिला की तो ए-८ ला जातो, दुसरे घरच नाही. मग उंट एफ-३, मात.

हल्ली ईशाची नमाज झाली की पट मांडला जातो. एकटा राजा आमचा. परवा तिने आम्हाला ४१ चालींत गाठले.