भिंतीवर लोककला, जमिनीवर सायकल

लोककलेच्या शेजारी शाळकरी मुलांनी घडवलेल्या सायकली मांडल्या, की 'परंपरा आणि आधुनिकता' असे म्हणून समीक्षक मोकळे होतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील मेक्सिकन वस्त्यांतल्या 'लोरायडर' सायकलींबाबत तरी ही विभागणी मला मान्य नाही.

श्विन कंपनीची 'स्टिंग-रे' सायकल १९६३ साली आली. उंच हँडल, लांबट बैठक. बुटक्या, संथ चालणाऱ्या सजवलेल्या मोटारी मिरवणाऱ्या मोठ्यांकडे पाहत, मोटार चालवण्याचे वय न झालेल्या मुलांनी अशा सायकली कापल्या, जोडल्या, पीळदार सळयांनी सजवल्या, क्रोमने झळकवल्या. काहींवर ग्वादालुपेची माता अवतरली. न्यू मेक्सिकोतील सांतेरो कारागीर हीच माता पिढ्यान्‌पिढ्या लाकडी फळीवर रंगवत आले आहेत. मग फळी तेवढी लोककला आणि सायकल मात्र 'विद्यार्थ्यांचा प्रकल्प', हे ठरवले कोणी?

शिवाय या कलेचा प्राण संथ गतीत आहे. मोटारींच्या त्या संथ मिरवण्यावर कॅलिफोर्नियातील अनेक शहरांनी बंदी घातली होती. ती कायद्याने उठायला १ जानेवारी २०२४ उजाडावा लागला. (दालनात उभ्या केलेल्या वाहनाचे कौतुक करणे त्या मानाने सोपेच!) तेव्हा उद्घाटनाच्या दिवशी तरी या सायकली रस्त्यावर फिरू द्याव्यात, आणि पाटीवर मुलाचे नाव सांतेरोच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत लिहावे.