लहान राष्ट्रांचें आकाश

लढाऊ विमानांची गोष्ट निघाली म्हणजे आमचे विद्यार्थी पहिला प्रश्न करितात तो हा कीं, अमुक देशापाशीं विमानें किती? लहान राष्ट्राच्या बाबतींत हा प्रश्न आम्हांस अपुरा वाटतो. विमानें कोठें ठेविलीं आहेत आणि तीं चालविणारे हात किती तयार आहेत, हें आधीं विचारावें.

इटालियन सेनानी जूलिओ दूए यानें १९२१ सालीं असें प्रतिपादिलें कीं, आकाश जिंकण्याचा उत्तम उपाय म्हणजे शत्रूचीं विमानें तळावरच नष्ट करणें. ५ जून १९६७ रोजीं इजिप्तला याचा दाहक अनुभव आला. त्याचीं शेंकडों विमानें इस्रायलनें एकाच दिवसांत, बहुतेक जमिनीवर उभीं असतांच, जाळून टाकिलीं. इस्रायल हेंही लहानच राष्ट्र खरें. पण पहिला घाव आपणच घालावा, असा सल्ला आम्ही कोणास देणार नाहीं.

आम्हांस फिनलंडचें उदाहरण अधिक बोधप्रद वाटतें. ३० नोव्हेंबर १९३९ रोजीं सोव्हिएत विमानांनीं हेलसिंकीवर बाँब टाकिले, तेव्हां फिनलंडचीं विमानें फारच थोडीं होतीं. परंतु तीन-तीन विमानांनीं दाटीनें उडण्याची रूढ रीत टाकून जोडीजोडीनें लढण्याचा अभ्यास त्याच्या वैमानिकांनीं आधींच केला होता. ६ जानेवारी १९४० रोजीं योर्मा सार्वान्तो यानें अवघ्या कांहीं मिनिटांत सहा बाँबफेकी विमानें पाडिलीं. मार्चमध्यें तह होऊन फिनलंडला मुलूख द्यावा लागला, हें खरें. स्वातंत्र्य मात्र गेलें नाहीं.

पुढें स्वीडननें आपलीं विमानें रानावनांत पांगविलीं आणि सरळ हमरस्त्यांच्या धावपट्ट्या केल्या. त्याचें ग्रिपेन विमान असें रचिलें आहे कीं, एक कुशल यंत्रज्ञ व सक्तीच्या सैनिकी सेवेंतील पांच तरुण मिळून दहा मिनिटांत त्यांत इंधन व अस्त्रें भरून तें पुन्हा आकाशांत धाडूं शकतात. हे तरुण म्हणजे कालपरवां शाळा सोडलेलीं मुलें!

शाळेच्या अंकांत ही चर्चा कशास, असें कोणी पालक म्हणतील. पण लहान राष्ट्राचा विमानावर वायां गेलेला पैसा शाळा व इस्पितळें यांच्याच वांट्याचा असतो. फेब्रुवारी २०१४ मध्यें पळविलेलें एक इथिओपियन प्रवासी विमान भल्या पहांटे जिनीव्हास उतरलें. स्वित्झर्लंडपाशीं उत्तम लढाऊ विमानें होतीं, परंतु तीं कचेरीच्या वेळेंतच सज्ज असत! पाठराखण इटली व फ्रान्स यांच्या विमानांनीं केली. नवें विमान घेण्यापूर्वीं असलेल्या विमानापाशीं अष्टौप्रहर माणूस ठेवावा, असें आमचें मत आहे. स्वित्झर्लंडनें ती सोय २०२० च्या अखेरीस पुरी केली.