फिकट रंगाची, भरदार अंगाची

ग्रेनाश या द्राक्षापासून केलेल्या लाल वाइनची पारख करताना मोठी अडचण अशी की, लाल वाईन तोलण्याची जी मापे सर्वत्र रूढ झाली आहेत ती दुसऱ्याच द्राक्षांवरून ठरलेली आहेत. गडद रंग, हिरड्यांवर रेंगाळणारा ठसठशीत तुरटपणा आणि नव्या ओकच्या पिंपातून उतरणारा व्हॅनिलासारखा वास हे तीन गुण चांगल्या लाल वाइनची खूण मानले गेले, आणि बोर्दोच्या कॅबरने सोव्हिन्योंला ते शोभतातही. परंतु ग्रेनाशकडे यांपैकी पहिले दोन निसर्गतःच कमी असतात, आणि तिसरा त्याला फारसा मानवत नाही. परिणामी अनेक वाणांच्या वाइन एकाच ओळीत मांडून गुण देण्याच्या पद्धतीत ग्रेनाशवर नेहमी अन्याय होतो, कारण फिकट दिसणारा पेला चाखण्याआधीच मनातल्या मनात खालच्या पायरीवर गेलेला असतो. ग्रेनाशची तुलना ग्रेनाशशीच करावी, आणि तीही रंग बाजूला ठेवून, जमीन व काढणीचा दिवस या दोन गोष्टींच्या आधारे करावी, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या द्राक्षाचे मूळ बहुधा ईशान्य स्पेनमधील अरागॉन प्रांतात असावे. स्पेनमध्ये त्याला गार्नाचा म्हणतात, फ्रान्समध्ये ग्रेनाश, आणि सार्डिनिया बेटावर कानोनाऊ. सार्डिनियातील लोक आपल्याच बेटाला त्याचे जन्मस्थान मानतात, मात्र गार्नाचाच्या पांढऱ्या, करड्या आणि केसाळ पानांच्या जातींची विविधता स्पेनमध्येच अधिक आढळत असल्याने अभ्यासकांचा कल अरागॉनकडे झुकतो. आज जगात दीड लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर हा वाण उभा आहे आणि त्यातील बहुतेक क्षेत्र फ्रान्स व स्पेन या दोनच देशांत आहे. या वेलीला वसंतात फूट लवकर येते आणि फळ मात्र उशिरा पिकते, म्हणून तिला लांबलचक उबदार हंगाम लागतो. तिचे लाकूड कणखर आणि सरळ वाढणारे असते, त्यामुळे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात उत्तरेकडून सुसाटणाऱ्या मिस्त्राल वाऱ्यात ती मोडत नाही, आणि पाणी कमी असले तरी तग धरते. नाशिक, सांगली किंवा सोलापूरच्या बागायतदाराला मांडव आणि वाय पद्धतीच्या तारांची सवय असते. ग्रेनाशच्या जुन्या बागांत तारही नसते आणि बहुधा ठिबकही नसते, फक्त गुडघ्याएवढ्या उंचीची, चहूबाजूंनी फांद्या उभारलेली सुटी झुडपे एकमेकांपासून ऐसपैस अंतरावर उभी असतात.

पेल्यात जे उतरते त्याची कारणे मण्यातच आहेत. ग्रेनाशची साल पातळ असते आणि तिच्यात अँथोसायनिन, म्हणजे लाल-जांभळा रंग देणारी द्रव्ये, तुलनेने कमी असतात; सालीतून येणारे टॅनिन, म्हणजे तोंड कोरडे करणारा तुरट अंश, हाही बेताचा असतो. साखर मात्र सहज आणि भरपूर भरते. खाण्याची द्राक्षे साधारण 18 ब्रिक्सच्या (ब्रिक्स हे रसातील साखरेचे माप) आसपास तोडली जातात, तर वाइनसाठीचे ग्रेनाश अनेकदा 24 ते 26 ब्रिक्सवर काढले जाते; आंबण्याच्या क्रियेत लिटरमागे सुमारे 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क तयार होतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या वाइनच्या बाटलीवर साडेचौदा किंवा पंधरा टक्के हा आकडा वारंवार का दिसतो ते उमगते. फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड किंवा पावसाळी झाली तर या वाणात मणीगळ मोठ्या प्रमाणावर होते आणि घड विरळ राहतात, म्हणून एका वर्षीचे उत्पादन पुढच्या वर्षी हमखास मिळेल असे नसते. सुगंधाच्या बाबतीत मात्र निसर्गाने हात आखडता घेतलेला नाही. स्पेनमधील गार्नाचाच्या गुलाबी वाइनच्या रासायनिक परीक्षणात फ्युरेनॉल हे संयुग महत्त्वाचे आढळले आहे, आणि हेच संयुग पिकलेल्या स्ट्रॉबेरीच्या वासालाही कारणीभूत असते. तेव्हा या वाइनला स्ट्रॉबेरीचा वास येतो असे म्हणणे ही केवळ वर्णनकारांची अलंकारिक लकब नव्हे.

मग या वाणाची अवहेलना का झाली, याचे उत्तर वेलीच्या स्वभावात कमी आणि माणसांच्या व्यवहारात अधिक सापडते. सुपीक जमीन आणि भरपूर पाणी दिले की ग्रेनाश भरमसाट पिकते, आणि असे पीक पाणचट, रंगहीन, पण मद्यार्काने तापट अशी वाईन देते. विसाव्या शतकात दक्षिण फ्रान्स, स्पेन आणि ऑस्ट्रेलिया येथे स्वस्त मिश्रणांत मद्यार्क वाढवण्यासाठी आणि पोर्टसारख्या गोड, मद्यार्क मिसळलेल्या वाइनसाठी ते याच रीतीने पिकवले गेले. ऑस्ट्रेलियात 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत या वाणाची लागवड शिराझहून अधिक होती. पुढे गोड वाइनची मागणी ओसरली आणि 1980च्या दशकात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने वेली उपटण्यासाठी शेतकऱ्यांना अनुदान दिले, त्यात ग्रेनाशच्या शतकभर जुन्या बागाही गेल्या. ही हानी कशानेही भरून निघणारी नाही, कारण जुनी वेल आपणहून कमी फळ धरते आणि ग्रेनाशला नेमक्या याच संयमाची गरज असते. बरोसा खोऱ्यात 1848 साली लावलेल्या ग्रेनाशच्या काही वेली अजून फळ देतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

तुलनेसाठी तीन प्रकारच्या जमिनी निवडाव्यात: वाळू, ग्रॅनाइट आणि पाटीचा दगड. पाटीच्या दगडाची चव थेट वाइनमध्ये उतरते असा समज लोकप्रिय असला तरी तो शब्दशः खरा नाही. जमीन काम करते ती मुळांना पाणी किती आणि केव्हा मिळते, दगड दिवसाची उष्णता किती धरून ठेवतो आणि मण्याचा आकार केवढा राहतो या मार्गांनी. परंतु हे मार्ग अप्रत्यक्ष असले तरी त्यांचा परिणाम जिभेला स्पष्ट कळतो, आणि ग्रेनाशमध्ये तो इतर अनेक वाणांपेक्षा अधिक स्पष्ट कळतो, कारण तो झाकून टाकणारा गडद रंग आणि जाड तुरटपणा येथे नसतो.

वाळूचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दक्षिण ऱ्होनमधील शातोनफ-द्यु-पाप येथील शातो रायास हे आहे. चौदाव्या शतकात आव्हिन्यों येथे पोपांची गादी होती, त्या काळाशी या गावाचे नाव जोडलेले आहे. 1936 साली फ्रान्सने भौगोलिक नामांकनाची जी पहिली मान्यपत्रे दिली त्यांत हे गाव होते, आणि तेथील नियम 13 वाणांना, रंगभेद वेगळे मोजल्यास 18 वाणांना, परवानगी देतात. हा परिसर छायाचित्रांत दिसतो तो नदीने गुळगुळीत केलेल्या मोठमोठ्या गोट्यांमुळे, जे दिवसभर तापतात आणि रात्री वेलीला ऊब देतात. रायासची जमीन नेमकी याच्या उलट आहे: बारीक वाळू, भोवती झाडी, बरेचसे उतार उत्तरेकडे तोंड केलेले, आणि लाल वाइनसाठी केवळ ग्रेनाश. जाक रेनो यांनी 1997 मधील निधनापर्यंत आणि त्यानंतर त्यांचे पुतणे एमानुएल रेनो यांनी येथे जी वाईन केली ती पेल्यातून पलीकडचे दिसावे इतकी फिकट असते, आणि तरीही तिचा गंध आणि तोंडातली लांबी भल्याभल्या गडद वाइनना मागे टाकते. रायासच्या बाटलीची किंमत आज सामान्य रसिकाच्या आवाक्यापलीकडे गेली आहे, परंतु वाळूचा धडा शिकण्यासाठी तिचीच गरज नाही. ऑस्ट्रेलियातील मॅक्लारेन व्हेलच्या ब्ल्यूइट स्प्रिंग्ज या वालुकामय भागातील ग्रेनाशही तोच हलका, फुलांकडे झुकणारा गंध आणि मऊ, बारीक पिठासारखा तुरटपणा दाखवते.

ग्रॅनाइटसाठी माद्रिदच्या पश्चिमेकडील ग्रेदोस पर्वतराजीकडे वळावे. येथील जुन्या बागा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास, काही त्याहूनही वर आहेत, जमीन ग्रॅनाइट झिजून झालेल्या भुसभुशीत वाळूची आहे, आणि दिवस कितीही तापला तरी रात्र गार होत असल्याने मण्यातील आम्लता टिकून राहते. दानिएल लांदी आणि फर्नांदो गार्सिया यांच्या कोमांदो जी या उपक्रमाने 2008 पासून या विस्मृतीत गेलेल्या बागांना प्रतिष्ठा मिळवून दिली. ग्रेदोसची वाईन रायासइतकीच फिकट, पण अधिक ताणलेली आणि कडक असते. रास्पबेरी, सुकलेली संत्र्याची साल आणि पांढरी मिरी यांची आठवण देणारे गंध तिच्यात ठळक असतात, आणि घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटते. गार्नाचा म्हणजे आम्लता कमी असलेली जड वाईन, हा जुना आरोप कायमचा खोडून काढायचा असेल तर ग्रेदोसची एक बाटली पुरेशी आहे.

पाटीचा दगड म्हणजे कातालोनियातील प्रिओरात. कार्थुसियन संन्याशांनी बाराव्या शतकात स्थापन केलेल्या मठाच्या परिसरातील हे उभे उतार यिकोरेया नावाच्या ठिसूळ, अभ्रकाने चमकणाऱ्या काळसर दगडाचे आहेत, आणि पाण्याच्या शोधात वेलीची मुळे त्याच्या भेगांतून खोल शिरतात. 1980च्या दशकाच्या अखेरीस रेने बार्बिए, आल्व्हारो पालासियोस आणि त्यांच्या सोबत्यांनी ओस पडत चाललेल्या या प्रदेशात नव्याने काम सुरू केले. पालासियोस यांच्या प्रामुख्याने गार्नाचापासून केलेल्या लेर्मिता या वाइनचे पहिले वर्ष 1993 होते. येथील गार्नाचा तिन्हींमध्ये सर्वांत घट्ट, गडद आणि उष्ण असते, तिच्यात ज्येष्ठमधाची छटा येते आणि तुरटपणाला कंगोरे असतात. प्रिओरातच्या आरंभीच्या काळातील वाइनवर नव्या ओकचा थर फार जाड चढवला गेला होता आणि त्यामुळे दाद मिळाली तरी द्राक्ष दिसेनासे झाले होते, असे म्हणणे भाग आहे. अलीकडे तेथेही मोठी जुनी पिंपे आणि मातीचे रांजण वापरात आले, हा बदल निःसंशय चांगला आहे. ग्रेनाशला हवेतील प्राणवायू लवकर बाधतो, रंग विटकरी होतो आणि गंध मावळतो, म्हणूनच शातोनफमधील जुन्या घराण्यांनी छोट्या पिंपांपेक्षा सिमेंटच्या टाक्या आणि प्रचंड आकाराची जुनी लाकडी पिंपे पसंत केली होती.

या तुलनेत जमिनीवर एक गोष्ट मात करू शकते, ती म्हणजे काढणीचा दिवस. उशिरा काढलेल्या ग्रेनाशमध्ये ताज्या फळाचा वास जाऊन मुरंब्याचा वास येतो, आणि मग वाळू काय नि ग्रॅनाइट काय, सर्व वाइन एकसारख्या लागू लागतात. फार लवकर काढले तर देठाचा हिरवटपणा उरतो आणि फळाचा गोडवा फुलतच नाही. वाढत्या उष्म्याने हा मधला काळ आखूड केला आहे, कारण साल आणि बी पिकण्याआधीच साखर पुढे पळते. पंधरा टक्के मद्यार्क हा स्वतः दोष नाही. घशाशी जळजळ होत असेल आणि मागे आम्लतेचा आधार नसेल तर तो दोष होतो, म्हणून लेबलावरील आकडा पाहून वाईन नाकारणारा रसिक आणि गडद रंग पाहून ती स्वीकारणारा रसिक हे दोघेही डोळ्यांनीच चव घेत असतात.

मिश्रणाविषयी थोडक्यात सांगता येईल. सिरा आणि मुर्वेद्र ही दोन द्राक्षे ग्रेनाशला रंग आणि कणा देतात, आणि जिगोंदाससारख्या गावात, जेथे दॉंतेल द मोंमिराय या चुनखडीच्या सुळक्यांखाली बागा वर चढत जातात, हा मेळ सुंदर जमतो. पण सिराचे प्रमाण वाढले की मिरी आणि काळ्या फळांचा वास पुढे येऊन ग्रेनाश मागे पडते, त्यामुळे अभ्यासासाठी मिश्रण नंतर आणि एकल वाण आधी हाच क्रम ठेवावा. सार्डिनियाची कानोनाऊ रानटी झुडपांच्या वासाची आणि जेवणाशी चांगली जुळणारी असते. रुसीयों प्रदेशातील मोरी आणि बान्युल्स येथे आंबण्याची क्रिया अर्ध्यावर असताना मद्यार्क घालून ती थांबवतात आणि साखर शिल्लक ठेवतात. ही गोड वाईन चॉकलेटबरोबर अप्रतिम लागते, मात्र ती तुलनेच्या ओळीत ठेवू नये.

पेले रुंद पोटाचे आणि वरच्या बाजूला निमुळते असावेत, तिन्ही वाइन शक्यतो एकाच वर्षाच्या किंवा लागोपाठच्या वर्षांच्या असाव्यात, आणि ग्रेदोस, वाळू, प्रिओरात या क्रमाने, म्हणजे हलक्याकडून जडाकडे, चाखाव्यात. तापमानाचा मुद्दा महाराष्ट्रात आणि गोव्यात विशेष निकडीचा आहे, कारण लाल वाईन खोलीच्या तापमानाला द्यावी हा युरोपातील थंड घरांसाठीचा नियम तीस अंशांच्या दिवाणखान्यात ग्रेनाशची माती करतो: उष्णतेने मद्यार्क आधी उडतो, नाकाला झोंबतो आणि फ्युरेनॉलसारखे नाजूक गंध त्याखाली दबतात. बाटली फ्रीजमधून काढून 15 अंशांच्या आसपास ओतावी आणि पेल्यात ती 18 अंशांच्या पुढे जाऊ लागली की थांबावे. प्रत्येक बाटलीतील थोडी वाईन झाकण घट्ट लावून दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावी; हे द्राक्ष प्राणवायूला लवकर शरण जात असल्याने ही खरी कसोटी ठरते: कमी उत्पादनाच्या जुन्या वेलींची, योग्य दिवशी काढलेली वाईन दुसऱ्या दिवशीही उभी राहते आणि भरमसाट पिकवलेली उघडी पडते. हा फरक पहिल्या दिवशीच्या गुणपत्रिकेत कधीच दिसत नाही.