साठ दिवस गप्प राहिलात, तर वाडा गेला म्हणून समजा

कळस, इंदापूर आणि बारामतीच्या बंधू-भगिनींनो,

जुना वाडा पाडण्याचा अर्ज नगरपालिकेत दाखल झाला, की त्या दिवसापासून मुदत मोजली जाते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार असलेली इमारत पाडणं हासुद्धा 'विकास'च, आणि त्याला परवानगी लागते. पण कलम ४५ प्रमाणे साठ दिवसांत अर्जदाराला निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असंच धरतात. हीच मानीव परवानगी. फाइल टेबलावर पडून राहिली, तरी काम अर्जदाराचं होतं.

या कलमाला एक अट आहे. प्रस्ताव सगळ्या नियमांत तंतोतंत बसला पाहिजे. नाहीतर मानीव परवानगीवर केलेलं काम अनधिकृत ठरतं. भांडण कोर्टात जातं ते इथेच. वास्तू वारसा यादीत असेल, तर हरकत घ्यायला आधार मिळतो. यादीतच नसेल, तर वकील तरी काय बोलणार? आणि निकाल लागेपर्यंत सागवानी तुळया, कडीपाट, कोरीव खांब जुन्या लाकडाच्या वखारीत पोचलेले असतात. ते परत आणून वाडा उभा राहत नाही.

संरक्षण मात्र कुणाच्या गप्प बसण्यानं मिळत नाही. राज्याच्या १९६० च्या कायद्याखाली स्मारक घोषित करायचं, तर आधी दोन महिन्यांची नोटीस, मग हरकती, मग अंतिम अधिसूचना. पाडायला मौन पुरतं, राखायला कागदांची रास लागते. हा उलटा न्याय आहे, पण आज कायदा तोच आहे.

पुण्याचा भिडे वाडा आठवा. १८४८ साली फुले दांपत्यानं मुलींची शाळा सुरू केली ती जागा. वर्षानुवर्षं खटला चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जागा सोडायला महिनाभराची मुदत दिली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्रीत वाडा पाडला गेला. स्मारक व्हावं म्हणूनच पाडला, हे खरं. पण इतकी वर्षं मोडकळीला येऊ दिला नसता, तर मूळ भिंतींतच स्मारक झालं असतं.

इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे, बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा. त्यांची नावं तरी सगळ्यांना ठाऊक आहेत. आळीतल्या चौसोपी वाड्यांचं, ढेलजेचं, दिंडी दरवाजाचं नाव कोण घेतो? वारसांना मी दोष देत नाही. पावसाळ्यात छत गळतं, भाऊबंदकीत दुरुस्तीचा खर्च कुणी उचलत नाही, आणि बिल्डर दारात उभा असतो. म्हणून त्यांच्याशी आधी बोला, भांडू नका.

पण थांबूही नका. येत्या ग्रामसभेत जुन्या वास्तूंच्या यादीचा विषय लावा आणि ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्या. शहरात राहणाऱ्यांनी नगरपालिकेकडे वारसा यादीची लेखी मागणी करावी. वास्तूचे चारही बाजूंनी फोटो काढा, मिळकत पत्रिकेचा किंवा घराच्या उताऱ्याचा क्रमांक सोबत जोडा. पाडण्याचा अर्ज आल्याचं कळलं, तर त्याच आठवड्यात हरकत द्या. तोंडी सांगून चालणार नाही. आवक क्रमांकासह शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आपलाच,
कळसचा एक गावकरी